मतभेदाचा मनभेद कसा होतो?

राजकीय मतभेदांविषयीचे आपले अनुभव आणि प्रश्न कळवावेत, अशी विनंती मागील अंकात या सदरातून वाचकांना केली होती. पत्रे अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त आली. त्यांत संताप असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेक पत्रांत दुरावलेल्या माणसांबद्दलची हुरहुर आहे. त्यांतील पाच पत्रे येथे संक्षेपाने देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझे दोघे भाऊ तरुणपणापासून राजकारणावर वाद घालत आले. वडिलांसमोरही त्यांचे आवाज चढत, पण वाद संपला की दोघे एकत्रच जेवायला बसत. गेल्या वर्षी थोरल्याने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री उशिरा कोणाचा तरी राजकीय संदेश पुढे पाठवला. धाकट्याने त्याखाली लिहिले, 'तुझ्याकडून हीच अपेक्षा होती.' सकाळी पाहिले तर थोरला गटातून बाहेर पडला होता. तेव्हापासून दोघांत बोलणे नाही. दोघांची मते चाळीस वर्षांपूर्वी होती तीच आहेत. मग बदलले काय?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या दोन वाक्यांत या विषयाचे मर्म आहे. मते तीच राहिली आणि संबंध तुटले, म्हणजे तुटण्याचे कारण मतांमधील अंतरात शोधून सापडणार नाही. धाकट्या भावाचे वाक्य पुन्हा वाचून पाहावे. थोरल्याने पाठवलेला संदेश कशाविषयी होता, तो खरा होता की खोटा, त्यातील मुद्दा पटण्यासारखा होता की नव्हता, याबद्दल त्या वाक्यात एक अक्षरही नाही. पूर्वी धाकटा म्हणत असेल, 'तुझे म्हणणे चूक आहे.' आता तो म्हणतो आहे, 'तू असाच आहेस.' पहिल्या वाक्याला उत्तर देता येते. दुसऱ्याला उत्तर नसते, तेथून निघून जाणेच उरते, आणि थोरल्याने तेच केले.

राज्यशास्त्राचे अभ्यासक या बदलाला भावनिक ध्रुवीकरण म्हणतात. दोन बाजूंच्या मतांत किती अंतर आहे हा एक प्रश्न, आणि त्या बाजूंच्या माणसांना एकमेकांविषयी किती तिटकारा वाटतो हा दुसरा. हे दोन्ही एकाच मापाने वाढतातच असे नाही. अमेरिकेत १९६० साली लोकांना विचारले गेले होते की, आपल्या मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या समर्थकाशी विवाह केला तर आपल्याला वाईट वाटेल काय. होय म्हणणारे दोन्ही पक्षांत सुमारे पाच टक्के होते. २०१० साली तशाच प्रश्नाला होय म्हणणाऱ्यांचे प्रमाण एका पक्षात जवळपास निम्म्यावर आणि दुसऱ्यात एक तृतीयांशावर गेले होते. दोन्ही वेळच्या प्रश्नांची शब्दरचना तंतोतंत सारखी नव्हती, हे लक्षात घेतले तरी फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे. कर किती असावेत किंवा शाळांवर कोणी खर्च करावा, याविषयीची सामान्य माणसांची मते त्याच काळात इतकी दूर गेलेली नाहीत.

अर्थात हे पहिल्यांदाच घडते आहे असे मानण्याचे कारण नाही. १८९४ साली फ्रान्सच्या लष्करातील ज्यू कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांना देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि तो सारा देश दुभंगला. फेब्रुवारी १८९८ मध्ये पॅरिसच्या 'ल फिगारो' या दैनिकात एक व्यंगचित्र छापून आले. त्याच्या वरच्या चौकटीत एक मोठे कुटुंब नीटनेटक्या मेजाभोवती बसलेले आहे आणि यजमान बजावत आहेत की, ड्रेफस प्रकरणावर बोलायचे नाही. खालच्या चौकटीत मेज उधळलेले आहे, माणसे एकमेकांच्या अंगावर धावून गेली आहेत, आणि ओळ एवढीच आहे की, ते त्यावर बोलले. आपल्या कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट त्या मेजाहून फारसा वेगळा नाही. ड्रेफस प्रकरणात प्रश्न वरवर, त्यांनी लिहिल्याचा आरोप असलेल्या एका चिठ्ठीच्या हस्ताक्षराचा होता. पण तो पाहता पाहता 'आपला देश कोणाचा' असा झाला, आणि त्यानंतर हस्ताक्षराच्या पुराव्याला कोणी विचारेना. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरले, तोपर्यंत कितीतरी घरे फुटली होती.

एखादे मत 'मी कोण आहे' या प्रश्नाला जाऊन चिकटले की त्याचा स्वभाव बदलतो. हे चिकटणे किती सहज घडते, याचा विलक्षण दाखला मानसशास्त्रज्ञ हेन्री ताइफेल यांच्या प्रयोगात मिळतो. ताइफेल हे मूळचे पोलंडचे ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी म्हणून वाचले, त्यांचे कुटुंब मात्र मारले गेले. माणसे परक्यांशी अशी का वागतात, हा त्यांच्यापुढे केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना त्यांनी पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवले आणि ते किती होते याचा अंदाज लिहायला सांगितले. मग मुलांना असे सांगण्यात आले की, त्यांचे जास्त अंदाज करणारे आणि कमी अंदाज करणारे असे दोन गट पडले आहेत. खरे तर ही विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली होती. नंतर प्रत्येक मुलाला एकांतात बसवून दोन इतर मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला सांगितले. ती मुले कोण हे त्याला ठाऊक नव्हते, फक्त क्रमांक आणि गट माहीत होता. स्वतःला त्यातून काहीच मिळणार नव्हते. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. आपल्या गटाला जास्त रक्कम मिळेल पण दुसऱ्यालाही भरपूर मिळेल, असा एक पर्याय होता, आणि आपल्याला थोडी कमी मिळेल पण दुसऱ्याहून ठळकपणे जास्त मिळेल, असा दुसरा होता. तेव्हा अनेकांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता. ठिपके मोजण्यावरून पडलेल्या गटासाठी मुले आपल्याच गटाचे नुकसान सोसायला तयार होती.

हा स्वभाव जुनाच आहे. मग चाळीस वर्षांपूर्वी आपले भाऊ एकत्र जेवत कसे? मला दिसणारे उत्तर असे की, तेव्हा माणसामाणसांतील रेषा एकमेकींना छेदत जात असत. मतदान वेगळे करणारा माणूस त्याच कामगार संघटनेत असे, त्याच प्रार्थनास्थळी येत असे, त्याच मैदानावर आपल्या संघातून खेळत असे. एका बाबतीत परका असणारा दुसऱ्या तीन बाबतींत आपला असल्यामुळे त्याला पुरता परका ठरवणे जड जाई. आता अनेक देशांत या रेषा एकावर एक येऊ लागल्या आहेत. धर्म, शिक्षण, शहर की खेडे, कोणती बातमी वाचायची आणि कोणावर हसायचे, हे सारे एकाच पक्षाच्या बाजूला गोळा झाले की निवडणुकीतील हार ही धोरणाची हार राहत नाही, आपल्या अवघ्या जगण्याचीच हार वाटू लागते.

आपल्या पत्रातील आणखी एका तपशिलाकडे लक्ष वेधतो. वडिलांसमोरचा वाद त्याच खोलीत संपत असे, कारण बोललेले शब्द हवेत विरतात आणि समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसला की माणूस पुढचे वाक्य सौम्य करतो. गटावरचे वाक्य तसेच राहिले, आणि सगळ्या नातलगांनी ते वाचले. एवढ्या साक्षीदारांसमोर थोरल्याला माघार घ्यायला वाटच उरली नाही. धाकट्याने तेच शब्द फोनवर उच्चारले असते तर बहुधा पाच मिनिटांत दोघांनी एकमेकांना चार शब्द सुनावले असते आणि विषय तेथेच मिटला असता.

प्रश्न : मी संगणक क्षेत्रात काम करणारा तरुण आहे. हे सगळे समाजमाध्यमांमुळेच झाले आहे, असे माझे ठाम मत आहे. ती बंद केली तर प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : आपले मत बरेचसे बरोबर आहे, पण पुरेसे नाही. आधी बरोबर असलेला भाग पाहू. फेसबुकवर पसंतीचे बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आले आणि दुसऱ्याचे लिखाण एका स्पर्शात पुढे पाठवण्याची सोय ट्विटरने त्याच वर्षाच्या अखेरीस दिली. त्यापूर्वी कोणाचे वाक्य पुढे पाठवायचे तर ते उतरवून घ्यावे लागे, आणि तेवढ्या वेळात माणसाच्या मनात 'हे पाठवावे का' असा विचार येण्याला जागा होती. ती जागा गेली. ट्विटरवरील लाखो नोंदी तपासणाऱ्या २०१७ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की, नैतिक भावनेने भरलेला एकेक शब्द वाढला की ती नोंद पुढे जाण्याचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार वार्ता तपासल्या, तेव्हा खोटी वार्ता खऱ्या वार्तेपेक्षा दूर आणि वेगाने जाते, राजकीय वार्ता तर सर्वांत जास्त, असे आढळले. त्याचा दोष स्वयंचलित खात्यांवर टाकता येत नाही. ती खाती वगळून पाहिले तरी निष्कर्ष तोच राहिला. पुढे पाठवणारी माणसेच होती. व्हॉट्सॲपने २०१९ च्या आरंभी जगभर एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, यावरून या वेगाचा धोका खुद्द कंपनीलाही जाणवला होता, असेच म्हणावे लागते. माध्यमांनी भांडण निर्माण केले नाही. भांडणातले थांबे काढून टाकले.

आता अपुरा भाग. अमेरिकेत १९९६ ते २०१२ या काळात परस्परांविषयीची कटुता सर्वाधिक वाढली ती वृद्धांमध्ये, म्हणजे इंटरनेट सर्वांत कमी वापरणाऱ्या गटात. आणि इंटरनेट सर्वत्र पोहोचलेले असताना जर्मनी, स्वीडन यांसारख्या देशांत गेल्या चार दशकांत ही कटुता घटलेली दिसते. त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवून भागत नाही. दूरचित्रवाणीचा विचार करा. अमेरिकेत वादग्रस्त विषयाच्या सर्व बाजू मांडण्याचे बंधन प्रसारकांवर १९४९ पासून होते. ते १९८७ साली उठले. केबलवरील वाहिन्यांना तर ते बंधन कधी लागूच नव्हते, आणि चोवीस तास बातम्या देणारी पहिली वाहिनी १९८० मध्ये सुरू झाली होती. दिवसाचे चोवीस तास भरतील एवढ्या घटना जगात रोज घडत नाहीत, आणि घडल्या तरी त्यांचे वार्तांकन करायला वार्ताहर, प्रवास आणि वेळ लागतो. चार वक्त्यांना एकमेकांविरुद्ध बसवून दिले तर तासभराचा कार्यक्रम अल्प खर्चात तयार होतो. राजकीय पक्षांचा हिशेबही असाच आहे. आपण काय केले हे पटवून मत मिळवण्यापेक्षा 'ते आले तर काय होईल' याची धास्ती घालून मत मिळवणे सोपे असते, आणि जिथे एका मताच्या आघाडीने सारी सत्ता एकाकडे जाते तिथे हा मोह आणखी वाढतो.

माध्यमे बंद केल्यास काय होते, याचाही प्रयोग झाला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकीपूर्वी काही लोकांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितले. त्यांच्यातील राजकीय मतांची दरी काहीशी कमी झाली आणि ते थोडे अधिक समाधानी झाले; मात्र चालू घडामोडींची त्यांची माहितीही घटली. माझ्या मते या प्रयोगातील ही शेवटची गोष्ट आधीच्या गोष्टींइतकीच महत्त्वाची आहे, कारण ज्याला काहीच ठाऊक नाही त्याची शांतता लोकशाहीच्या कामाची नसते.

या माध्यमांचा सर्वांत मोठा अपाय मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. तेथे सतत लिहिणारे लोक थोडे असतात आणि ते बहुधा टोकाचे असतात. बाकीचे वाचून गप्प राहतात. त्यामुळे विरोधी बाजू म्हणून आपण रोज जे पाहतो तो त्या बाजूचा सर्वांत कर्कश भाग असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील लोकांना विचारले गेले की, रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांपैकी वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणारे किती असतील. सरासरी अंदाज ३८ टक्के निघाला. वस्तुस्थिती सुमारे २ टक्के होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांविषयीचे अंदाजही असेच भरकटलेले होते, आणि राजकीय बातम्यांत ज्यांना अधिक रस होता त्यांचे अंदाज कमी नव्हे, तर जास्त चुकले. आपण ज्याच्याशी तावातावाने भांडतो तो विरोधक अनेकदा प्रत्यक्षात फार थोड्या ठिकाणी राहत असतो.

प्रश्न : मी वादात कधीही शिवराळ बोलत नाही, आकडेवारी आणि पुरावे दाखवतो. तरी समोरचा आणखी चिडतो. पुराव्याने कोणाचेच मत बदलत नाही का?

उत्तर : १९७९ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी ४८ विद्यार्थी निवडले. त्यांतील निम्मे मृत्युदंडाच्या बाजूचे आणि निम्मे विरोधातले होते. सर्वांना दोन अभ्यासांची माहिती वाचायला दिली. एकात मृत्युदंडाने गुन्हे घटतात असा निष्कर्ष होता, दुसऱ्यात घटत नाहीत असा. प्रत्येक बाजूला आपल्या मताला पुष्टी देणारा अभ्यास पद्धतशीर वाटला आणि दुसऱ्यात चुका दिसल्या. दोन्ही बाजू तेच कागद वाचून, आपापले मत आणखी पक्के झाल्याचे सांगत बाहेर पडल्या. आवडत्या पुराव्याचे आपण यजमान असतो आणि नावडत्याचे परीक्षक. तुम्ही आणि मीही त्याला अपवाद नाही.

तरीही एवढ्यावरून निराश होऊ नये. अलीकडच्या अनेक अभ्यासांत असे दिसते की, चुकीची माहिती दुरुस्त करून दिली तर बहुतेक माणसे ती दुरुस्ती स्वीकारतात. फक्त त्यामुळे त्यांची राजकीय निष्ठा बदलत नाही. तुमच्याविषयी एक शंका मात्र मनात येते, ती मोकळेपणाने लिहितो. आकडेवारी पाठवताना तिच्या शेवटी 'आता तरी डोळे उघडा' अशा आशयाची ओळ असते काय? असेल तर समोरचा माणूस आकडे वाचतच नाही, ती शेवटची ओळ वाचतो आणि तिलाच उत्तर देतो.

प्रश्न : मी सामाजिक कार्यात आहे. अन्यायाबद्दल चीड असणे हाच आता दोष ठरू लागला आहे. संयमाचा उपदेश नेहमी सोसणाऱ्यालाच केला जातो. सर्वच मतभेद 'दोन्ही बाजूंचे थोडे थोडे चुकते' म्हणून मिटवायचे असतात का?

उत्तर : नाही. आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो या सदरात यायलाच हवा होता. स्त्रियांना मताचा हक्क न्यूझीलंडमध्ये १८९३ साली मिळाला. ब्रिटनमध्ये पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ साल उजाडले. या सगळ्या काळात त्यांना आवाज खाली ठेवण्याचा सल्ला सभ्य माणसेच देत होती. मे १८५६ मध्ये सिनेटर चार्ल्स समनर यांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये गुलामगिरीविरुद्ध जळजळीत भाषण केले, तेव्हा दोन दिवसांनी प्रतिनिधिगृहाचे सदस्य प्रेस्टन ब्रुक्स यांनी सभागृहात येऊन, ते मेजाशी लिहीत बसलेले असताना, त्यांना काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारले. समनर यांना कामावर नियमितपणे परतायला सुमारे तीन वर्षे लागली. ब्रुक्स यांना त्यांच्या समर्थकांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. या प्रसंगाचे वर्णन 'वातावरण तापले होते' अशा शब्दांत करणे म्हणजे सत्याशी प्रतारणा होईल. एक बाजू माणसे विकण्याच्या विरोधात बोलत होती आणि दुसरी ते बोलणे काठीने थांबवत होती.

म्हणून तापलेपणाला मी सरसकट दोष देत नाही. मला भेद करावासा वाटतो तो चीड आणि तुच्छता यांच्यात. चीड कृतीवर असते आणि तिला समोरच्याकडून काहीतरी हवे असते : हा कायदा बदला, ही चौकशी करा, माझे म्हणणे ऐका. तुच्छतेला समोरच्याकडून काहीही नको असते; तो नसावा, एवढेच तिला वाटत असते. चिडलेल्या माणसाशी बोलणी होऊ शकतात, कारण त्याने आपल्याला माणूस म्हणून हिशेबातून काढलेले नसते. आपल्या कामातील चीड पहिल्या प्रकारची आहे असे पत्रावरून जाणवते, आणि ती तशी राहावी असे मनापासून वाटते. ज्याच्या माणूसपणावरच प्रश्नचिन्ह लावले जात आहे, त्याने प्रत्येक वेळी शांतपणे समजावत बसावे ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. ते काम ज्याला त्या वादात जखम होत नाही अशा माणसाने पुढे होऊन करावे.

प्रश्न : वडील आणि मी आता हवामानाशिवाय कशावरही बोलत नाही. मला पुन्हा बोलायचे आहे, त्यांचे मत बदलण्यासाठी नव्हे, तर ते मला कळावेत म्हणून. सुरुवात कशी करावी?

उत्तर : पहिली गोष्ट, लिहू नका, बोला. विरोधी राजकीय मत मांडणाऱ्या माणसाचे शब्द काही लोकांना वाचायला आणि काहींना त्याच्याच आवाजात ऐकायला देऊन केलेल्या प्रयोगांत असे दिसले आहे की, ऐकणाऱ्यांना तो अधिक विचारी आणि समंजस वाटतो. शब्द तेच असतात, पण आवाजातील थांबणे, अडखळणे, चढउतार यांवरून आतमध्ये कोणीतरी विचार करत आहे हे कळते. दुसरी गोष्ट, बोलताना तिसरे कोणी नसावे. कारण पहिल्या उत्तरात आले आहे.

तिसरी गोष्ट त्यांना काय विचारायचे ही. 'तुम्हांला असे का वाटते' या प्रश्नाला माणूस युक्तिवाद करून उत्तर देतो, आणि युक्तिवाद तुम्ही दोघांनी पुष्कळ केलेले असणार. त्याऐवजी असे वाटायला केव्हा लागले, कोणत्या प्रसंगाने लागले, हे विचारावे. मायामी येथे कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन पारलिंगी व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहावर लोकांशी सुमारे दहा मिनिटे बोलण्याचा उपक्रम केला होता. त्यात भाषण नव्हते. घरातील माणसाला स्वतःला कधी वेगळे म्हणून वागवले गेले होते का, हे विचारून ते ऐकून घेणे हा त्याचा गाभा होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार त्याचा परिणाम किमान तीन महिने टिकला. एवढ्या अल्प वेळात एवढा टिकाऊ परिणाम या क्षेत्रात फारसा आढळत नाही. तुम्हांला वडिलांचे मत बदलायचे नाही, तेव्हा तुमचे काम त्याहून सोपे आहे. त्यांनी उत्तर दिले की त्याच बैठकीत आपली बाजू मांडू नका. ही सूचना पाळणे सर्वांत कठीण जाईल.

मोठ्या प्रमाणावरही हे जमू शकते. आयर्लंडमध्ये गर्भपातबंदीच्या घटनादुरुस्तीवर अनेक दशके समाज दुभंगलेला होता. तेथे २०१६ पासून ९९ सामान्य नागरिकांची, यादृच्छिक पद्धतीने निवडलेली सभा भरवण्यात आली. डॉक्टर, वकील आणि प्रत्यक्ष झळ पोहोचलेल्या स्त्रिया यांचे म्हणणे ऐकून लहान लहान गटांत चर्चा झाल्या. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मते बंदी उठवण्याच्या बाजूने पडली. प्रचार तीव्रच होता, पण ज्या प्रश्नाला राजकीय पक्ष हात लावायला घाबरत होते तो अनोळखी माणसांना समोरासमोर बसून बोलता आला.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य समजावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढते ती वितंडा. 'वाद' या शब्दाला एके काळी इतका चांगला अर्थ होता, हे आज आठवून पाहावे लागते. आपल्याकडची शास्त्रीय चर्चा पूर्वपक्षापासून सुरू होई. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडायचे, आणि मगच त्याचे खंडन करायचे.

हा प्रयोग मी स्वतः एकदा एका जुन्या मित्रासोबत केला आहे. आमचे अनेक वर्षे एकाच विषयावर खटके उडत असत. एका संध्याकाळी मी त्याची बाजू, मला समजली होती तशी, एका कागदावर लिहिली आणि त्याला वाचून दाखवली. त्याने चष्मा लावून तो कागद माझ्या हातून घेतला आणि पेन मागितले. त्याने तीन ठिकाणी दुरुस्ती केली. त्यांपैकी दोन ठिकाणी मी इतकी वर्षे त्याने कधीच न मांडलेल्या गोष्टींविरुद्ध भांडत होतो, हे मला तेव्हा कळले; त्याने मग माझी बाजू लिहिली आणि मीही त्यात दुरुस्त्या केल्या. तिसऱ्या ठिकाणचा मतभेद मात्र खरा निघाला. तो आजही तसाच आहे, आणि महिन्यातून एकदा तरी आम्ही त्यावर बोलतो. तुमच्या वडिलांना लिहिण्या-वाचण्याची आवड असेल तर हे करून पाहावे. नसेल तर त्यांचे म्हणणे तुमच्या शब्दांत त्यांना सांगावे, 'मला समजले ते बरोबर आहे का' असे विचारावे, आणि त्यांनी नाही म्हटले तर त्यांना पुन्हा सांगू द्यावे.